फ्लॅटमधून धंदा: शॉप अ‍ॅक्टची पावती कुठवर पुरते?

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, ब्लाऊजची शिलाई, दहावीची शिकवणी, लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरून देणं. यातलं काहीही राहत्या घरातून सुरू करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘आधी शॉप अ‍ॅक्ट काढून घे.’ तो निघतोही झटपट. ऑनलाइन अर्ज, आधार, पाटीचा फोटो, नाममात्र शुल्क, आणि पावती हातात. मग उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंद) होते, गरज पडली तर जीएसटी क्रमांकही येतो. हे तीन कागद फ्रेम करून भिंतीवर लावले की सगळं कायदेशीर झालं असं वाटू लागतं. आणि एक दिवस सोसायटीचं किंवा पालिकेच्या प्रभाग कार्यालयाचं पत्र येतं: ‘निवासी सदनिकेचा अनिवासी वापर.’

गडबड अशी की भिंतीवरच्या तीनपैकी एकही कागद जागेच्या वापराबद्दल काही बोलत नाही. शॉप अ‍ॅक्ट म्हणजेच महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा कामगारांसाठीचा कायदा आहे. कामाचे तास, सुट्ट्या, रजा हा त्याचा विषय. मूळ कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीसुद्धा नाही, फक्त ‘सूचना’ द्यायची असते. नमुना ‘एफ’मध्ये माहिती भरायची, नमुना ‘जी’मध्ये पावती मिळते. ती पावती म्हणजे तुम्हीच दिलेल्या माहितीची पोच. तुमच्या इमारतीत तो धंदा चालतो का, हे कुणी तपासलेलं नसतं. उद्यम नोंदणीही स्वयंघोषणेवर होते, आणि जीएसटी क्रमांक म्हणजे कर भरण्यासाठी मिळालेली ओळख. जागेचा प्रश्न वेगळ्याच कायद्यात आहे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. बोलीत एमआरटीपी. यात ‘विकास’ या शब्दाची व्याख्या फक्त बांधकामापुरती नाही. इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच, आणि विकासाला नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे एक वीटही न हलवता निवासी फ्लॅटचं पूर्णवेळ गोदाम केलं तर ते परवानगीविना केलेल्या बांधकामाच्याच रांगेत बसतं. कोणत्या पट्ट्यात (झोनमध्ये) काय चालेल हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. मुंबईसाठी २०१८ मध्ये लागू झालेली ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ आहे. काही अपवाद वगळता उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकीकृत नियमावली लागू आहे, जिला सगळे आर्किटेक्ट यूडीसीपीआर म्हणतात.

आता दिलासा देणारी गोष्ट. घरातून होणारे बरेचसे उद्योग या नियमावल्यांनी आधीच निवासी वापराचा भाग मानले आहेत. त्यांना वेगळी परवानगी लागतच नाही. फक्त त्या व्याख्येच्या आत राहावं लागतं. त्यामुळे ‘कोणता परवाना काढू?’ याच्याआधी ‘मी व्याख्येच्या आत आहे की बाहेर?’ हे विचारायला हवं.

घरगुती व्यवसायाची व्याख्या नीट वाचली तर

नियमावलीत याला ‘परंपरेने घरात चालणारा व्यवसाय’ असं म्हटलं आहे. व्याख्या एका लांबलचक वाक्यात कोंबली आहे, पण तिच्या अटी एकेक सुट्या करून पाहिल्या की जवळजवळ प्रत्येक भांडणाचं उत्तर त्यांत सापडतं.

पहिली अट: काम घरातल्या माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. आई, सून आणि मुलगी मिळून चकल्या करत असतील तर हरकत नाही. दोन मदतनीस बायका रोजावर आल्या की व्याख्येच्या शब्दांनुसार तुम्ही बाहेर. सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात, कारण ऑर्डरी वाढल्यावर पहिली गरज हातांची असते. यावर एक जुना तोडगा आहे: काम दुसऱ्याच्या घरी पाठवणं. १९५९ मध्ये गिरगावात ८० रुपये उसने घेऊन सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जतची पद्धत हीच. पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटायचे आणि परत आणून द्यायचे. प्रत्येकीच्या घरात फक्त तिचे आणि तिच्या घरच्यांचे हात. ब्लाऊजला हुक-काज करणं, फॉल-बिडिंग, पॅकिंग ही कामं आजही अशीच वाटून देता येतात.

दुसरी अट: घरात जे तयार होतं तेच विकायचं किंवा विक्रीला मांडायचं. ही अट वाचून बरेच जण चमकतात. घरी केलेला मसाला विकणं आत, पण सुरतहून साड्यांचे गठ्ठे आणून हॉलमध्ये मांडणं बाहेर. ‘मी तर बारीकसारीकच विकते’ याचा इथे उपयोग नाही. अटीत मालाच्या प्रमाणाचा विषय नाही, माल कुठे बनला याचा आहे. माल ऑनलाइन विकून कुरियरने पाठवणाऱ्यांच्या घरी गिऱ्हाईक येत नाही, म्हणून सहसा तक्रारही येत नाही. पण साठा बेडरूम भरून पॅसेजमध्ये आला की गोदामाचा प्रश्न उभा राहतो, आणि सामायिक जिन्यात खोके ठेवणं आगीच्या दृष्टीनेही गुन्ह्याच्याच वाटेवर आहे.

तिसरी अट यंत्रांची. घरात सर्वसाधारणपणे वापरली जातात तशीच यंत्रं हवीत, आणि विजेवर चालणारी मोटर वापरली तर एकूण भार ०.७५ किलोवॅट, म्हणजे एक अश्वशक्ती (एचपी), याच्या वर जाता कामा नये. हा आकडा डोळ्यांसमोर आणा. शिलाईच्या औद्योगिक मशिनला बहुधा अर्धा एचपीची मोटर असते. अशा दोन मशिनी झाल्या की कोटा संपला. घरगुती आटाचक्कीची मोटर बहुतेक वेळा एक एचपीची असते, म्हणजे ती एकटीच सगळी मर्यादा खाते. (शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांचं दळण पैसे घेऊन दळायला लागलात की पालिकेच्या व्यवसाय परवान्याचा मुद्दा निघतो, तो पुढे.) केकवाल्यांनी मिक्सर घेताना क्षमतेची पाटी वाचावी. पाच-सात लिटरचा मिक्सर आरामात बसतो, वीस लिटरचा बेकरी मिक्सर बहुधा बसत नाही. ओव्हन आणि इस्त्री ही मोटरची यंत्रं नाहीत, पण भाराची बेरीज पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी हा वाद घालावा लागेल एवढं गृहीत धरा.

चौथी अट: इमारतीच्या बाहेरून पाहणाऱ्याला इथे धंदा चालतो असं कळता कामा नये. परवानगी असलेली छोटी नामपट्टी तेवढी चालते. इथे तीन कायदे एकमेकांच्या पायात येतात आणि त्याचा त्रास बिचाऱ्या अर्जदाराला होतो. दुकाने अधिनियमातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार लहान आस्थापनांनाही देवनागरी मराठीत पाटी हवी, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांहून लहान नकोत. जीएसटी नियमांतला नियम १८ म्हणतो की प्रवेशाजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक लिहा. आणि नगररचना म्हणते, बाहेर जाहिरात नको. तिघांनाही पुरून उरणारा मार्ग एकच: फ्लॅटच्या दाराला, आतल्या जिन्यात, नामपट्टीएवढी पाटी. वर मराठीत व्यवसायाचं नाव, खाली क्रमांक. शॉप अ‍ॅक्टच्या अर्जालाही तिचाच फोटो जोडा. बाल्कनीच्या कठड्याला फ्लेक्स बांधलात तर तक्रार करणाऱ्याला पुरावा शोधायला जावं लागणार नाही. तो रस्त्यावरूनच फोटो काढेल.

पाचवी: सर्वसामान्य लोकांना बसवून खायला-प्यायला देणारी जागा या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे. डबे बनवून पोचवणं आणि हॉलमध्ये चार टेबलं मांडून ‘घरगुती थाळी’ देणं यांच्यातली रेघ ती हीच. खाणावळ निवासी फ्लॅटमध्ये या व्याख्येखाली बसवता येत नाही.

शेवटची अट, काम धोकादायक नको आणि शेजाऱ्यांच्या सुरक्षेला बाधक नको, यावर फार लिहायची गरज नाही. मेणबत्त्यांचं मेण, रेझिन, रंगांचे थिनर यांचा साठा करणाऱ्यांनी ती दोनदा वाचावी.

या सगळ्याखाली एक न लिहिल्यासारखी पण पायाची अट आहे. त्या घरात तुम्ही राहत असायला हवं. ‘घरगुती’ हा शब्द घरामुळे येतो. वन बीएचके विकत घेऊन त्यात कुणीच राहत नाही, सकाळी दहाला कुलूप उघडतं आणि रात्री आठला लागतं, असा फ्लॅट कितीही शांत आणि नीटनेटका असला तरी तो घरगुती व्यवसाय नाही.

डॉक्टर, वकील, सीए

व्यावसायिकांसाठी निवासी पट्ट्यात वेगळी सूट आहे. त्या जागेत राहणाऱ्या व्यावसायिकाचं कार्यालय किंवा अभ्यासिका आणि रुग्ण दाखल न करणारा दवाखाना चालतो, क्षेत्रफळाची मर्यादा पाळून. दवाखान्यात खाट टाकून रुग्ण ठेवायला लागलात की नर्सिंग होमचा वेगळा कायदा आणि वेगळे बांधकाम-निकष लागू होतात. सीए, आर्किटेक्ट यांची कार्यालयं दुकाने अधिनियमाच्या व्याख्येत येतात, त्यामुळे ‘आम्ही धंदा करत नाही, व्यवसाय करतो’ हा युक्तिवाद निदान त्या पावतीपुरता तरी टिकत नाही.

शिकवणी याच परिसरात येते. घरातल्या शिक्षिकेने स्वतः पाच-सात मुलांना शिकवणं कुणाला खटकत नाही. तक्रार सुरू होते ती बॅचेस पाठोपाठ लागल्यावर, जिन्यात चपलांचा ढीग पडल्यावर आणि दुसरा पगारी शिक्षक आल्यावर.

खाण्याचे पदार्थ करणाऱ्यांसाठी जास्तीचं

अन्नाचा व्यवसाय कितीही लहान असला तरी अन्नसुरक्षा नोंदणी लागते. २०११ च्या विनियमांत लहान व्यावसायिकाची मर्यादा वार्षिक १२ लाख रुपये उलाढाल अशी ठेवली होती आणि त्याखालच्यांना परवाना नव्हे तर नोंदणी, वर्षाला १०० रुपये शुल्काने. अर्ज नमुना ‘ए’मध्ये, फॉसकॉस या संकेतस्थळावर. अर्ज करण्यापूर्वी चालू मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहून घ्या. अर्ज मिळाल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असा नियम आहे. पाकीटबंद विकत असाल तर लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक, शाकाहारी-मांसाहारी खूण, निव्वळ वजन, कमाल किंमत, तारीख आणि उत्पादकाचा पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे तुमच्या घराचा पत्ता, हे लेबल छापायच्या आधी लक्षात घ्या.

त्याहून जास्त दुर्लक्ष होतं ते गॅसकडे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे. रोज चाळीस डबे त्यावर करणं हा एलपीजी नियंत्रण आदेश, २००० चा भंग आहे आणि पुरवठा विभाग तो सिलिंडर जप्त करू शकतो. व्यवसायासाठी १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्यावं. १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला स्फोटक विभागाचा परवाना लागत नाही, पण म्हणून फ्लॅटच्या स्वयंपाकघरात पाच टाक्या रांगेने उभ्या करणं शहाणपणाचं नाही. एक चालू, एक राखीव, दोन्ही उभ्या, खिडकीजवळ. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून तळघरात किंवा खोलगट जागेत टाकी अजिबात नको. डब्यांचं काम थोडंफार इंडक्शनवर नेता येतं, पण मग विजेचं गणित बदलतं.

विजेचं गणित

महावितरणच्या दरपत्रकात एक तरतूद अनेक वर्षे चालत आली आहे आणि ती फारच कमी लोकांना ठाऊक असते. राहत्या घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाला घरगुती दरच लागतो, जर महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटपर्यंत असेल. वर्ष संपल्यावर हिशेब पाहिला जातो. मर्यादा ओलांडली असेल तर आधी कळवून पुढे व्यावसायिक दर लावायचा, अशी ती पद्धत आहे. डॉक्टर, वकील, सीए, इंजिनिअर यांच्या घरातल्या व्यावसायिक वापरासाठीही घरगुती वर्गातच सोय केलेली आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. घराचा नेहमीचा वापर १५० युनिट. त्यात दोन किलोवॅटचा ओव्हन रोज चार तास, महिन्याचे २५ दिवस. २ गुणिले ४ गुणिले २५, म्हणजे २०० युनिट. बेरीज ३५०, वर्षाची ४,२००. मर्यादा गेली. अशा वेळी धंद्याच्या खोलीसाठी वेगळं व्यावसायिक मीटर मागणं जास्त स्वस्त पडतं, कारण नाहीतर घरातला पंखा आणि फ्रिजही व्यावसायिक दराने चालतो.

पूर्ण फ्लॅट धंद्याला देऊन घरगुती मीटरवरच चालवत राहणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ मध्ये हा ‘अनधिकृत वापर’ ठरतो. ज्या वर्गाचा दर लागायला हवा होता त्याच्या दुप्पट दराने आकारणी होते, आणि अनधिकृत वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीच्या १२ महिन्यांची. कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी आकारलेल्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

मालमत्ता कराचंही तसंच. वापर निवासी की अनिवासी यावर दर ठरतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते. घराचा अनिवासी वापर नोंदला गेला की या सवलतींवर पाणी सोडावं लागू शकतं. त्यामुळे व्याख्येच्या आत राहणं फक्त नोटीस टाळण्यासाठी नाही, पैशांसाठीही आहे.

सोसायटी

शॉप अ‍ॅक्टच्या सूचनेला सोसायटीचं ना-हरकत लागत नाही, म्हणून सोसायटीला विचारायचंच नाही असा निष्कर्ष काही जण काढतात. उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, उघडून पाहा. ज्या कारणासाठी सदनिका दिली आहे त्याशिवाय दुसऱ्या कारणासाठी वापर करायचा तर समितीची लेखी संमती, अशा अर्थाचं कलम बहुतेक उपविधींत असतं. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये वापर लिहिलेला असतो. भाड्याच्या घरात असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार वाचा. ‘केवळ निवासासाठी’ हे वाक्य त्यात जवळजवळ नेहमी असतं, आणि ते मोडलं तर मालकाला करार संपवण्याचं कारण आयतं मिळतं. जीएसटीसाठी मालकाचं संमतिपत्र घ्यायचंच असतं, त्याच वेळी कोणता व्यवसाय, कोणती खोली, पगारी कामगार नाहीत, हे त्यात लिहून घ्यावं.

समितीला द्यायच्या अर्जात ‘व्यवसाय सुरू करत आहे’ एवढंच लिहिलंत तर समोरच्याच्या डोळ्यांसमोर दुकान उभं राहतं. आकडे लिहा. काम कोण करणार, मोटरचा भार किती, दिवसाला किती माणसं येणार आणि किती वाजता, कुरियरवाला लिफ्ट वापरणार की गेटवरून घेणार, गॅस कोणता. कागद समितीच्या सभेपुढे जातो आणि होकार मिळाला तर इतिवृत्तात नोंद होते. ती नोंद समिती बदलल्यावरही कामाला येते.

खरं सांगायचं तर तक्रारी कायद्याच्या व्याख्येवरून क्वचितच सुरू होतात. त्या सुरू होतात लिफ्टवरून, पार्किंगवरून, फोडणीच्या वासावरून आणि रात्रीच्या खडखडाटावरून. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. शिलाई मशिन थेट फरशीवर ठेवलं की खालच्या मजल्यावर ते ड्रिलसारखं ऐकू जातं. पायांखाली जाड रबरी पॅड आणि भिंतीपासून चार बोटं अंतर, एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. गूगल नकाशावर ‘सकाळी ९ ते रात्री ९ उघडे’ असं टाकू नका. ‘फक्त आधी ठरवून’ लिहा.

व्याख्येबाहेर जायचंच असेल तर

चार पगारी माणसं, दाराला शटर, किंवा पूर्ण फ्लॅटचं पार्लर हवं असेल तर वापर बदलाची परवानगी लागते. त्यात सगळ्यात आधी पालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा उतारा काढा. अरुंद रस्त्यालगतच्या प्लॉटवर निवासी पट्ट्यात मोजकीच दुकानं चालतात, रुंद रस्त्यावर यादी बरीच मोठी होते. तुमच्या समोरच्या रस्त्याची आराखड्यातली रुंदी हाच बहुधा निकालाचा मुद्दा असतो, आणि ती आज दिसणाऱ्या रुंदीपेक्षा वेगळी असू शकते.

मग मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेला दाखला). भोगवटा प्रमाणपत्रच नसलेल्या इमारतींत अर्ज इथेच अडकतो, कारण मूळ वापरच अधिकृतपणे सुरू झालेला नाही. कागद असतील तर परवानाधारक आर्किटेक्टमार्फत एमआरटीपीच्या कलम ४४ खाली अर्ज होतो. सोबत मालकीचा पुरावा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, सोसायटीचं ना-हरकत, बदललेल्या वापरानुसार पार्किंगचा हिशेब आणि गरजेनुसार अग्निशमन विभागाचं पत्र. बहुतेक जुन्या इमारती पार्किंगवर नापास होतात. व्यावसायिक वापराला गाड्यांच्या जागा जास्त लागतात आणि त्या आणायच्या कुठून? ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद कलम ४५ मध्ये आहे, पण प्रस्ताव नियमावलीत तंतोतंत बसत असेल तरच. तिच्या भरवशावर शटर बसवू नये. नकार आला तर ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील.

स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बंद करून दुकान काढणं हा मोह तर अजिबात नको. ती जागा चटईक्षेत्रात (एफएसआयमध्ये) धरलेली नसते. भिंत घातली की ती धरली जाते आणि थेट अनधिकृत बांधकाम होतं. शिवाय स्टिल्ट पार्किंग ही सामायिक जागा आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्याच एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं आहे.

गिरणी, बेकरी, ज्वालाग्राही मालाचा साठा असे काही धंदे आणखी एका चाळणीतून जातात. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३९४ आणि इतर महापालिकांत कलम ३७६ खाली त्यांना आयुक्तांचा परवाना लागतो. हा परवाना आणि वापर बदलाची परवानगी एकाच इमारतीतल्या दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात, आणि एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीबद्दल सहसा काही सांगत नाही.

नोटीस आलीच तर

आधी ती कुणाची आणि कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा. सोसायटीचं पत्र, पालिकेची नोटीस आणि महावितरणचा आकारणी आदेश या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला दिलेलं उत्तर दुसरीला चालत नाही. एमआरटीपीच्या कलम ५३ खालची वापर बंद करण्याची नोटीस असेल तर तिच्यातली मुदत वर्तुळ करून ठेवा. त्या मुदतीत कलम ४४ खाली ‘वापर चालू ठेवण्याची परवानगी द्या’ असा अर्ज करता येतो, आणि तो निकाली निघेपर्यंत केवळ त्या नोटिशीवरून वापर थांबवता येत नाही. मुदत उलटली की हा दरवाजा बंद होतो. बरेच जण पंधरा दिवस ओळखीच्या नगरसेवकाला फोन करण्यात घालवतात आणि सोळाव्या दिवशी वकील शोधतात.

तुम्ही व्याख्येच्या आत असाल तर अर्जाची गरजच नाही, लेखी उत्तर द्यायचं. नियमावलीतल्या घरगुती व्यवसायाच्या व्याख्येचा उल्लेख करून अटींप्रमाणे एकेक मुद्दा मांडायचा: काम करणाऱ्यांची नावं आणि त्यांची शिधापत्रिकेतली नोंद, यंत्रावरच्या क्षमतेच्या पाटीचा फोटो, दाराच्या पाटीचा फोटो, बारा महिन्यांची वीजबिलं, व्यावसायिक गॅसची पावती, समितीच्या इतिवृत्ताची प्रत. जोडीला तुम्ही तिथेच राहता याचा पुरावा. उत्तर आवक-जावक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पाहणीला माणूस आला तर त्याला स्वयंपाकघर किंवा मशिनची खोली दाखवा, आणि बाकीच्या खोल्यांत घर दिसतंय ना, तेही.